खडू आणि कोरी

सोमवार, ता. ४

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र फाडणार असशील, तर आधी एवढं वाच : मी तुझ्या मुलीकडे आलेय आणि तिला काहीही झालेलं नाही. ठणठणीत आहे. थोडी वाळलीय, पण तिच्या वयात तूही काडीच होतीस. आता फाडायचं तर फाड.

फाडलं नाहीस असं समजून पुढे लिहिते.

मागच्या महिन्यात मला तिचं पत्र आलं. अकरा वर्षांत तुमच्या घरातून आलेलं पहिलं. उघडण्याआधी मी खुर्चीत बसून घेतलं, कारण अशी अचानक आलेली पत्रं बहुधा कशाची असतात ते आपल्या वयात ठाऊक असतं. तर आत एक छापील पत्रक. समुद्रावर बारा दिवसांची सुट्टी घालवा, देवमासे आणि डॉल्फिन मोजायला मदत करा, अनुभवाची अट नाही, नजर तीक्ष्ण हवी. त्यात शुद्धलेखनाच्या चार चुका, आणि खाली तिच्या हातचं, 'मावशी, तीक्ष्ण नजर म्हटल्यावर मला तूच आठवलीस. येशील?' मी लाल शाईनं चारही चुका दुरुस्त केल्या, खाली 'येते' असं लिहिलं आणि पत्रक परत पाठवून दिलं.

तुला न विचारता आले. विचारायचं तर आधी बोलावं लागलं असतं, आणि बोलणं तू बंद केलंस. बाबांच्या तेराव्याच्याही आधी, भर दारात, चार माणसांसमोर 'तूच त्यांचे कान भरलेस' म्हणून पाय आपटत गेलीस, ते मला अजून पाठ आहे. त्यावर मी इथे एक अक्षर लिहिणार नाही. मी सुट्टीवर आहे.

जागा तुला कळावी म्हणून सांगते. बंदराच्या कडेला मासेमारीची जाळी ठेवायचं कोठार आहे, त्याच्यावर दोन मजले. खालच्या मजल्यावर मोठं टेबल, दोन संगणक, भिंतभर डॉल्फिनच्या पाठींचे फोटो आणि आमच्या खाटा. वर ठमीची खोली. इथे सगळे तिला मॅडम म्हणतात. मी पहिल्याच दिवशी सगळ्यांदेखत 'ठमे' अशी हाक मारली तेव्हा तिची पंचाईत झाली. 'सगळे' म्हणजे तरी कोण? बाकीच्यांनी ऐनवेळी रद्द केल्यामुळे मदतनीस आम्ही दोघंच. मी आणि एक निवृत्त दातांचे डॉक्टर. तिसरा कप्तान. तो बोट चालवतो आणि दिवसाला सरासरी सहा शब्द बोलतो.

काम सोपं आणि कंटाळवाणं आहे, म्हणजे मला आवडणारं. एकानं डावीकडे बघायचं, एकानं उजवीकडे, एकानं तक्ता भरायचा. वीस मिनिटांनी जागा बदलायच्या. दर पाच मिनिटांना तक्त्यात नोंद. मी पहिल्या अर्ध्या तासात तीन चौकटी कोऱ्या सोडल्या, तर तुझी लेक माझ्यावर डाफरली. "मावशी, चौकट रिकामी नाही ठेवायची! रिकामी म्हणजे कुणी बघितलंच नाही. बघितलं आणि दिसलं नाही, तर 'काही नाही' असं लिहायचं." तिचा आवाज थेट बाबांसारखा. छापखान्यात असाच लागायचा.

थांबते. पेन ओलसर हवेत नीट चालत नाही.

चिमटी


बुधवार, ता. ६

ताई,

काल देवमासा बघितला. 'बघितला' म्हणणंही चूक, तो आमच्यावर येऊन धडकायचाच बाकी होता. कप्तानानं इंजिन बंद केलं होतं. समुद्र तव्यासारखा सपाट. मी डावीकडे बघत होते, आणि माझ्या मागून कुणीतरी भला मोठा सुस्कारा सोडला. मला वाटलं डॉक्टर. म्हणून चिडून वळले, तर मागे बोटीपेक्षा लांब काळी पाठ, आणि अंगावर सडक्या मासळीच्या वासाची वाफ. माझी बोबडी वळली. तक्ता भरायची पाळी डॉक्टरांची होती, त्यांनी पेन पाण्यात टाकलं.

तो खाली गेल्यावर डॉक्टर पहिलं काय म्हणाले असतील? "दात दिसले नाहीत."

"ह्यांना दात नसतात, काका," ठमी म्हणाली.

"एवढ्या मोठ्या तोंडात एकही नाही? मग माझा इथे उपयोग काय?"

मी इतकी हसले की बरगड्या दुखल्या. 

पण मला बसलेला धक्का हा नव्हे. तो संध्याकाळी बसला, आणि त्यासाठी मी तुला जाब विचारायला हे पत्र लिहितेय.

ठमी म्हणाली, वर माझ्या खोलीतून मोठी वही आण. मी चहाचा कप हातात घेऊनच जिना चढले. खोलीत एक पलंग, एक कपाट, खिडकी, आणि खिडकीशेजारी दोन काचांमध्ये बसवलेला कागद, काळ्या चौकटीत. बाबांचा कागद. छापखान्यातल्या प्रुफाच्या कागदावर पेन्सिलीनं ओढलेला. मी अकरा वर्षांनी बघत होते आणि तरी दारातूनच ओळखला. कप हातातून सुटला. ठमी धावत वर आली, तिला वाटलं मी पडले.

"अगं, त्या आजोबांच्या रेघोट्या," ती म्हणाली. "आईनं दिल्या, इथे यायला निघाले तेव्हा. त्यांच्या हातचं शेवटचं काहीतरी. मला त्या पाण्यासारख्या दिसतात. तुला कशा दिसतात?"

मी म्हटलं, रेघोट्यांसारख्या.

तू हा कागद नेलास कधी? मला वाटत होतं तो बाबांच्या अंथरुणाबरोबर गेला. आणि नेलास तर नेलास, काचेत घालून मुलीच्या भिंतीवर टांगायची काय गरज होती? माणूस अर्धांगानं पडलेलं, उजवा हात गेलेला, वाचा गेलेली, डाव्या हातात कुणीतरी पेन्सिल दिली म्हणून चार रेघा ओढल्या. तू तेव्हाही विचारलं होतंस, हे काय आहे, आणि मी सांगितलं होतं : नुसत्या रेघोट्या. आजही तेच सांगते.

कपाचे तुकडे मी गोळा केले. एक सापडला नाही. ठमीला सांग अनवाणी फिरू नकोस म्हणून. मी सांगितलेलं ती ऐकत नाही.

चिमटी


शुक्रवार, ता. ८

ताई,

आज तुला तुझ्या मुलीच्या कामाबद्दल सांगते. कौतुक म्हणून समज. मी सहसा करत नाही.

डॉल्फिन ओळखायचा तो पाठीवरच्या परावरून. पर म्हणजे तो तिकोनी भाग, पोहताना पाण्याबाहेर येतो तो. कुणाच्या कडेला खाच असते, कुणाच्या अंगावर ओरखडे. फोटो काढायचा आणि जुन्या फोटोंशी ताडून बघायचा. जुळला तर ओळखीचा, नाही जुळला तर नवा, मग त्याला नाव. ठमीनं सात वर्षांत सदतीस जणांची यादी केलीय. दोन खण आहेत, एकात डाव्या बाजूचे फोटो, दुसऱ्यात उजव्या. ओरखडे दोन्हीकडे सारखे नसतात, म्हणून डावा डाव्याशी ताडायचा, उजवा उजव्याशी. संगणकही तसंच करतो.

यादीत पहिलं नाव आहे 'खडू'. फळ्यावर खडू ओढावा तशा तीन पांढऱ्या रेघा, डाव्या बाजूला. पहिल्या वर्षी ठमीकडे एकच कॅमेरा आणि भाड्याची बोट होती, खडूचे चारच फोटो मिळाले, चारही डावे. ही तिची पहिली डॉल्फिन, स्वतः ओळखलेली. पुढच्या वर्षी खडू दिसली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. मग तिनं नावापुढे 'गेली' लिहिलं. "दोन दिवस जेवले नव्हते मी," म्हणाली. "हसू नकोस." मी हसत नव्हते.

आणि त्याच दुसऱ्या वर्षी उजव्या खणात एक नवी मादी आली. अंगावर एकही ओरखडा नाही, म्हणून नाव 'कोरी'. बोटीकडे कायम उजवं अंगच ठेवते, डाव्या बाजूचा धड फोटो आजवर एकही नाही. तिला पुढे पिल्लूही झालं. ठमीच्या दृष्टीनं कोरी फार मोठी गोष्ट आहे, कारण कोरी आली याचा अर्थ बाहेरच्या समुद्रातून इकडे नवी जनावरं येतात. म्हणजे इथला कळप एकटा पडलेला नाही. सात वर्षांचा अहवाल ती येत्या शुक्रवारी धाडणार आहे आणि त्याचा कणा हा एवढाच. अहवाल मी तपासून देतेय. भाषा बरी आहे, स्वल्पविराम मात्र मुठीनं फेकल्यासारखे.

काल ती विचारत होती, "मावशी, तुझं आणि आईचं नेमकं काय झालं गं?" मी म्हटलं, तुझ्या आईला विचार. ती म्हणाली, "आई म्हणते, मावशीला विचार."

हे तुला शोभलं नाही.

चिमटी


रविवार, ता. १०

ताई,

माझं डोकं बधिर झालंय. कुणाला तरी सांगायला हवं आणि जिला सांगायला हवं तिला सांगता येत नाही, म्हणून तुला.

आज वारा होता, बोट निघाली नाही. डॉक्टर झोपले. ठमी गावात बॅटरी आणायला गेली. मी टेबलावर फोटो लावत बसले होते. कोरीचा एक मोठा छापलेला फोटो होता, उजवी बाजू, कड स्वच्छ आलेली. शेजारी, निव्वळ योगायोगानं, खडूचा डावा.

तुला छापखान्यातलं काही कधी आवडलं नाही, म्हणून नीट सांगते. शिशाच्या खिळ्यावर अक्षर उलटं असतं. आरशात दिसावं तसं. मी अठ्ठावीस वर्षं खिळे जुळवले, रोज उलट्या ओळी वाचल्या, आणि बाबांनी शिकवलं होतं तशी मी रेघा बघत नाही, कड बघते. घाईत खिळा ओळखायचा तो कडेवरूनच. बाकी लोकांची नजर खडूच्या तीन पांढऱ्या रेघांवर जाते. माझी गेली कडेवर. वरच्या तिसऱ्या भागात दोन खाचा. एक नखाएवढी, एक तांदळाच्या दाण्याएवढी, आणि त्यांच्याखाली कड जराशी आत वळलेली. इतक्या बारीक की खाच म्हणायलाही मन धजत नाही.

कोरीला त्याच दोन खाचा आहेत. उलट्या.

मी कोरीचा फोटो उचलला, पालथा करून खिडकीच्या काचेला लावला. मागून उजेड आला की कागदातून उलट बाजू दिसते, उजवी ती डावी होते. ही युक्ती मला नवी नाही. त्यावर खडूचा फोटो धरला. नखावर नख बसलं, दाण्यावर दाणा.  मी काचेला टेकून उभी राहिले.

ताई, त्या दोघी नाहीत. एकच आहे. डाव्या अंगावरचे ओरखडे पहिल्या वर्षानंतर पुसट होत गेले असणार, उजवं अंग मुळातच कोरं. पोरीनं जिच्यासाठी दोन दिवस अन्न सोडलं, तिचेच फोटो ती सहा वर्षं काढत होती आणि दुसऱ्या खणात ठेवत होती. कुणी मेलं नाही. कुणी आलंही नाही. अहवालाचा कणाच गेला.

ठमी परत आली, भिजलेली, खूश, बॅटरी मिळाली म्हणून. "मावशी, काही सापडलं का?"

मी म्हटलं, "काही नाही."

शुक्रवारपर्यंत गप्प बसले तर अहवाल जाईल. सदतीस काय नि छत्तीस काय, जगात कोण बघायला येतंय? तिची सात वर्षं आहेत, माझे बारा दिवस. आणि माझी नजर म्हातारी आहे. चुकलीही असेल. आणि गप्प बसणं मला जमतं.

पण चुकलेली नाही गं.

चिमटी


मंगळवार, ता. १२

ताई,

हे पत्र मी सकाळपासून लिहितेय. तीन कागद फाडले. डॉक्टरांना वाटतंय मी मृत्युपत्र करतेय.

काल समुद्र निवला. दहाच्या सुमाराला कोरी आली, पिल्लू शेजारी. ठमी पुढच्या टोकाला कॅमेरा घेऊन, डॉक्टर उजवीकडे, तक्ता माझ्याकडे. कोरी बोटीखालून गेली आणि माझ्या बाजूला वर आली. डावी बाजू, दोन हातांवर. ओल्या अंगावर ऊन तिरपं पडलं होतं. तीन रेघा. इतक्या पुसट, की पाटी पुसल्यावर उरतात तशा. तिनं श्वास सोडला, मला भिजवलं आणि गेली.

हातात तक्ता, वेळ दहा वाजून पंधरा, चौकट समोर. 'कोणते प्राणी'. कोरी लिहिलं तर खोटं. रिकामी सोडली तर कुणी बघितलंच नाही. 'काही नाही' तर मी एकदा म्हणून बसलेच होते. माझं पेन किती वेळ कागदावर टेकून राहिलं कोण जाणे, तिथे शाईचा ठिपका पडलाय. मग मी लिहिलं : 'खडू. सोबत पिल्लू.'

धक्क्यावर उतरल्यावर ठमी नेहमीप्रमाणे तक्ता मोठ्यानं वाचायला लागली. थबकली. "मावशी, इथे चुकून खडू लिहिलंयस."

"चुकून नाही," मी म्हटलं.

वर नेऊन तिला दोन्ही फोटो काचेला लावून दाखवले. ती बघत राहिली. मग संगणकावर उजव्या खणातला एकेक फोटो उलटा करून बघायला लागली, आणि कोरीचे सहा वर्षांचे फोटो एकामागून एक खडू होत गेले. तिचा चेहरा पांढराफटक. डॉक्टर मागे उभे, त्यांनी तिच्यापुढे बिस्किटांचा डबा धरला.

"मी रडले होते तिच्यासाठी," ती म्हणाली. "आणि ती रोज समोर होती."

मग खाली बसली, जमिनीवरच, आणि हसायला लागली. हसता हसता रडली. "जिवंत आहे. मावशी, जिवंत आहे!" मला वाटलं होतं ती अहवालासाठी रडेल. अहवाल तिच्या डोक्यातच नव्हता. तो नंतर आला, आणि आला तेव्हा तिनं तोंड धुतलं, टेबलाशी बसली आणि ज्यांना ज्यांना आधीचा मसुदा पाठवला होता त्या सगळ्यांना एकच ओळ पाठवली. मी शेजारी होते. 'माझी चूक झाली. नवी मादी आलेली नाही, जुनी गेलेली नाही, हा कळप एकटा आहे.' बस. ना सबब, ना सारवासारव. तिला इतकं सोपं कसं गेलं, तेच मला कळेना. 

मग तिनं विचारलं, "तुला कधी कळलं?"

"काल."

"काल? मग काल का नाही सांगितलंस?"

ती रागावली नव्हती, ताई. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. एका दिवसाचं नव्हतं, तर अकरा वर्षांचं कुठून आणू?

त्या रेघोट्या नाहीत.

लिहिलं. आता उरलेलं लिहिते.

बाबा आजारी पडल्याच्या तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या डाव्या हातात पेन्सिल दिली. उजव्या हाताचं माणूस डाव्यानं लिहायला लागलं की कधी कधी अक्षरं आरशातल्यासारखी उलटी येतात, असं बाबांचे डॉक्टर म्हणाले होते. बाबांच्या तर हातात जन्मभर उलटी अक्षरं. त्यांनी लिहिलं, वेळ लागला, घाम आला त्यांना. दुसऱ्या कुणाला त्या रेघोट्याच दिसल्या असत्या. पण मी खिळे जुळवणारी. मी सरळ वाचलं, वर्तमानपत्र वाचावं तसं.

लिहिलं होतं, 'मोठीला बोलवा.'

मी वाचलं. त्यांनी बघितलं की मी वाचलं. मी कागद उशीखाली सरकवला आणि म्हटलं, दमलात, पडा आता. त्यानंतर ते सहा दिवस होते. तू तीन दिवसांत पोचली असतीस. दर सकाळी ते माझ्याकडे बघायचे, मग दाराकडे बघायचे, आणि मी दार लावून घ्यायचे, वारा येतो म्हणून.

तू त्यांच्याशी भांडून घर सोडलंस तेव्हा मी अठरा वर्षांची होते. त्यानंतर त्यांचं खाणंपिणं, छापखाना, खोकला, लहर, सगळं माझ्याकडे. एकदाही माझ्यासाठी त्यांनी कागदावर दोन ओळी लिहिल्या नाहीत. आणि शेवटी हात चालला तो तुझ्यासाठी. मला इतकं लागलं ते, की मला कळेचना आपण काय करतोय. नाही. कळत होतं. ही ओळ मी खोडत नाही, तशीच राहू दे.

तू आलीस आणि विचारलंस, बाबा माझ्याबद्दल काही बोलले का? मी म्हटलं, एक शब्द नाही. ते खरंच होतं. बोलले नव्हते. मी शब्द तपासून वापरते.

तू दारात जे म्हणालीस, कान भरलेस म्हणून, ते खोटं होतं. त्यावर मी अकरा वर्षं रागावून राहिले, कारण जे खरं होतं ते त्याहून वाईट होतं आणि ते तू म्हटलंच नव्हतंस.

आधीची चारही पत्रं मी टाकलेली नाहीत. त्यांतल्या दुसऱ्यात मी पुन्हा खोटं लिहिलंय, आजही, या वयात. आता पाचही एका पाकिटात घालून कप्तानाकडे देते. ठमीला मी काही सांगितलेलं नाही. तो हक्क तुझा. ठमीकडे येशील तेव्हा ती चौकट उतरवून पालथी कर आणि खिडकीशी धर, म्हणजे तुला वाचता येईल. किंवा आरशासमोर.

माफी मागायचं धाडस होत नाही. तू वाचलंस एवढं कळव. कोरा कागद पाठवलास तरी चालेल.

चिमटी


शनिवार, ता. ७

चिमटे,

पाच पत्रं वाचली. कोरा कागद पाठवणार होते. तुला अद्दल घडली असती. पण चौकट रिकामी ठेवायची नाही असं आमच्या घरातही शिकवलंय मुलीनं.

तो कागद मी बाबांच्या उशीखालून घेतला, निघायच्या दिवशी. बसमध्ये खिडकीशी बसले होते आणि तो हातात घेऊन रडत होते, माझ्यासाठी बापानं साध्या रेघोट्याच ठेवल्या म्हणून. बस बोगद्यात शिरली. बाहेर काळोख, आत दिवे लागले, आणि खिडकीच्या काचेत माझं तोंड दिसलं आणि माझ्या हातातला कागद दिसला. सरळ. वाकड्यातिकड्या, पण बाबांच्याच अक्षरात.

होय. अकरा वर्षांपूर्वी. घरापासून दीड तासावर.

 शेजारच्या बाईनं पाणी दिलं. पहिल्यांदा वाटलं, पुढच्या थांब्यावर उतरावं, परत यावं आणि तुझ्या झिंज्या उपटाव्यात. उतरले नाही. म्हटलं, ती सांगेल. आज ना उद्या तिचं तिलाच राहवणार नाही, आठवड्यात पत्र येईल. आठवडा गेला. मग वर्ष. मग मला हट्ट चढला, आणि हट्टाचं तुला माहीत आहेच, एकाच बापाच्या मुली आपण. कागद माझ्या घरी असता तर मी रोज काढून वाचला असता, म्हणून मुलीला दिला. काय आहे ते तिला सांगितलं नाही. आता सांगितलंय. 

तू पाचव्या पत्रात खरं लिहिलंस. पण पूर्ण नाही. शब्द तपासून वापरतेस ना? बाबांनी तीन वाक्यं लिहिली होती. तू एकच सांगितलंस. राहिलेली दोन मी लिहिते, मला पाठ आहेत :

'चिमटी रागवेल. तरी बोलवा.'

त्यांना ठाऊक होतं. तू रागावणार हे ठाऊक असून त्यांनी पेन्सिल तुझ्याच हातून घेतली, कारण ते वाचू शकणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. म्हणतेस, तुझ्यासाठी दोन ओळी कधी लिहिल्या नाहीत. एक तर तिथेच होती.

माफीचं मला अजून काही कळत नाही. मी सुद्धा अकरा वर्षं वाचून गप्प बसले, तेव्हा मी कुणाला तोंड वर करून काय बोलणार. पण बाबांनी 'बोलवा' म्हणून लिहिलं होतं, आणि मला अजून कुणी बोलावलेलं नाही.

ताई


मंगळवार, ता. १०

ताई,

ती दोन वाक्यं मी तेव्हा वाचली होती. नंतर वाचलीच नव्हती असं स्वतःला सांगत राहिले, आणि पुढे ते खरंही वाटायला लागलं. तुझं पत्र आल्यापासून मी दारातच बसलेय, दार उघडं टाकून. वारा येतोय.

चिमटी रागावली होती. घरी ये.